संडासवाटे रक्त जातंय: मूळव्याध समजून किती दिवस थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 46, पुरुष. तीन महिन्यांपासून अधूनमधून संडासवाटे लाल रक्त जातं, पण दुखत अजिबात नाही. पूर्वी सकाळी एकदा जाऊन मोकळं व्हायचं; आता तीन-चारदा जावं लागतं आणि तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. आईला मूळव्याध होती, म्हणून औषधाच्या दुकानातून मलम आणि गोळ्या आणल्या, रक्त थोडं कमी झालं. आणखी थांबून पाहावं का? डॉक्टरांकडे गेलंच तर कोणाकडे, आणि ते काय काय करतील?

थांबू नका. याच आठवड्यात जा. ही मूळव्याध असूही शकते, पण ते घरी बसून ठरवता येत नाही. चाळिशीनंतर नव्याने रक्त जाणं, शौचाची सवय बदलणं आणि जाऊन आल्यावरही आत काहीतरी राहिल्यासारखं वाटणं या तीन गोष्टी एकत्र आल्या की मोठं आतडं तपासावंच लागतं. मलमाने रक्त कमी झालं यावर विसंबू नका. आतड्यातला कोंब (पॉलिप) किंवा गाठसुद्धा रोज रक्त देत नाही. चार दिवस जातं, दोन आठवडे थांबतं. मलम गुदद्वाराच्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरपुरतंच काम करतं. रक्त त्याच्या वरून येत असेल तर मलमाचा आणि रक्त थांबण्याचा काही संबंध नसतो, फक्त तारखा जुळलेल्या असतात.

आधी रक्ताकडे नीट पाहायला शिका, कारण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. कमोडमध्ये बसत असाल तर प्रमाणाचा अंदाज हमखास चुकतो: चमचाभर रक्तानेही सगळं पाणी लाल दिसतं. भारतीय पद्धतीच्या भांड्यात मल उघडा दिसतो, तिथे अंदाज बरा येतो. एकदा तरी पाणी टाकण्याआधी वळून पाहा. रक्त मलाच्या वर एका बाजूला रेघेसारखं आहे, की शौच झाल्यावर थेंब थेंब किंवा धार लागून पडतं? मलात कालवलेलं आहे का? सोबत शेंबडासारखा चिकट पदार्थ, म्हणजे आव, पडते का? रंग ताजा लाल आहे, तपकिरीकडे झुकणारा लाल आहे, की काळा? मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी चालेल. डॉक्टरांना त्याची किळस येत नाही, उलट कामच सोपं होतं.

आतल्या मूळव्याधीचं रक्त साधारणपणे ताजं लाल असतं, मल पडून गेल्यावर टपटपतं आणि दुखत नाही. मोड बाहेर येऊ लागले तर सुरुवातीला ते आपोआप आत जातात, पुढे बोटाने ढकलावे लागतात आणि शेवटी आत जातच नाहीत. दुखणं हे आतल्या मूळव्याधीचं लक्षण नव्हे, हे बहुतेकांना माहीत नसतं. काच कापल्यासारखं दुखत असेल, शौचानंतर तास-दोन तास आग होत असेल आणि मलावर रक्ताची बारीक रेघ असेल, तर ती बहुधा चीर म्हणजे फिशर असते. कडक मलाने गुदद्वाराची त्वचा फाटते, बहुतेक वेळा मागच्या बाजूला मधोमध. दुखण्याने आतला स्नायू आवळतो, आवळल्याने तिथला रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून जखम भरत नाही. आणि दुखेल या भीतीने माणूस शौच लांबवतो, मल आणखी कडक होतो. चीर महिनोन्महिने चालते ती या चक्रामुळे. एका रात्रीत गुदद्वारापाशी निळसर, टणक, प्रचंड दुखणारी गाठ आली, तर बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठलेलं असतं. पहिल्या तीन दिवसांत गेलात तर ती छोट्या छेदाने काढून आराम मिळू शकतो. त्यानंतर ती स्वतःहून जिरत असते, तेव्हा शेक आणि वेदनाशामकावर भागतं.

आपल्याकडे मूळव्याध, फिशर आणि भगंदर या तिन्हींना सरसकट ‘मूळव्याध’ म्हणतात. भगंदर म्हणजे गुदद्वाराच्या बाजूला पडलेलं भोक, ज्यातून पू येत राहतो आणि अंतर्वस्त्राला डाग पडतो. त्यात रक्त कमी आणि स्राव जास्त असतो. तिन्हींचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. म्हणून ‘तिन्हीवर एकच इंजेक्शन, गॅरंटीने बरे’ असा बोर्ड दिसला की तिथे जाऊ नका. अशा ठिकाणी टोचलेल्या जहाल औषधाने गुदमार्ग आकसतो, स्नायू निकामी होतो आणि पुढे मल धरून ठेवता येत नाही. भगंदरावर प्रशिक्षित वैद्यांकडून होणारा क्षारसूत्र (औषध लावलेला दोरा) उपचार ही निराळी आणि मान्य पद्धत आहे, तिची या प्रकाराशी गल्लत करू नका.

आता तुमच्या प्रश्नातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं वाक्य: ‘पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही.’ मराठी घरात हे वाक्य इतकं रोजचं आहे की ते कोणी मनावर घेत नाही. एक चूर्ण रात्री, कोमट पाणी सकाळी, आणि विषय संपला. पण जन्मभर पोट साफ न होणं वेगळं आणि तीन महिन्यांपासून न होणं वेगळं. गुदाशयाची भिंत ताणली गेली की मेंदूला ‘मल आला’ असा निरोप जातो. तिथे गाठ वाढली तर ती भिंतीला तसाच ताण देते. मग माणूस पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, थोडी आव किंवा रक्ताळ पाणी पडतं, आणि उठल्यावर दहा मिनिटांत पुन्हा तीच जाणीव होते, कारण जे बाहेर पडायला हवंसं वाटतं ते मल नसतंच. गुदाशयाला सूज (कोलायटिस) असेल तरी हेच होतं, त्यामुळे लगेच कॅन्सरचं नाव घेऊन घाबरू नका. पण मूळव्याधीने दिवसातून चारदा जावं लागत नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

शौचाची सवय सगळ्यांची सारखी नसते. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा हे सगळं नॉर्मल धरतात. पाहायचा असतो तो स्वतःच्या नेहमीच्या सवयीतला बदल, आणि तो तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कारण शोधावं लागतं. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूची पोकळी अरुंद असते आणि तिथे पोहोचेपर्यंत मल घट्ट झालेला असतो. तिथे अडथळा आला की मल बारीक होतो, दोन दिवस कोंडतो आणि मग अडथळ्यामागे साचलेला पातळ मल एकदम सुटतो. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब. उजवी बाजू रुंद आणि मल पातळ, म्हणून तिथली गाठ मोठी होईपर्यंत सवय बदलत नाही आणि रक्त मलात इतकं मिसळतं की डोळ्यांना दिसतच नाही. अशा रुग्णाची पहिली तक्रार असते ती जिना चढताना लागणारी धाप. हिमोग्लोबिन पुरुषात 13 च्या खाली, स्त्रीत 12 च्या खाली आणि लोह कमी, तर लोहाच्या गोळ्या जरूर घ्या, पण लोह गेलं कुठे हे विचारा. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत या प्रश्नाचं उत्तर जठरात किंवा आतड्यात शोधावंच लागतं. पाळी चालू असलेल्या स्त्रीतही सगळं पाळीवर ढकलू नये.

सोनामुखीचं चूर्ण वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हा बदल झाकला जातो. मल चूर्णाच्या जोरावर पातळ होत राहतो आणि आतली सवय बदलली ते कळत नाही. डॉक्टरांना सांगताना ‘औषध काही नाही’ म्हणू नका. चूर्ण, काढा, एरंडेल, सगळं सांगा. दुसरीकडे, औषधामुळेही सवय बदलते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीने जुलाब होतात. लोह, कॅल्शियम आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मल घट्ट करतं. बदल सुरू झाला त्या महिन्यात कोणती नवी गोळी सुरू झाली होती, हे आठवून जा.

‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडं संवेदनशील होण्याचा त्रास) असं निदान तुम्हाला आधी कोणी दिलं असेल तर तेही एकदा तपासून घ्या. आयबीएसमध्ये पोट दुखतं, फुगतं, शौचाला गेल्यावर बरं वाटतं, पण त्यात रक्त पडत नाही, वजन घटत नाही आणि रात्री झोपेतून उठून संडासला पळावं लागत नाही. यातलं काहीही होत असेल, किंवा पन्नाशीत पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल, तर दुसरं कारण शोधा. चार-सहा आठवडे चाललेले रक्ताचे जुलाब आणि रात्रीची धावपळ म्हणजे बहुतेकदा अल्सरेटिव्ह कोलायटिस, आणि तो विशी-तिशीतही होतो. तीन-चार दिवसांचे रक्त-आवेचे जुलाब, ताप, कळ मारून पोट दुखणं हा सहसा संसर्ग असतो. आपल्या देशात आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही: उजव्या बाजूला खाली दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं. कोलायटिसवर दिलं जाणारं स्टेरॉइड क्षय असताना सुरू झालं तर आजार उफाळतो, म्हणून आतड्याच्या भिंतीचा छोटा तुकडा काढून (बायोप्सी) तपासल्याशिवाय स्टेरॉइडची घाई नको.

काळ्या शौचाची गोष्ट स्वतंत्र आहे. डांबरासारखी काळी, चिकट, भांड्याला चिकटून राहणारी आणि नेहमीपेक्षा वेगळाच उग्र वास असलेली शौच म्हणजे रक्त बहुधा जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून आलेलं आहे. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रोज खाणाऱ्यांत, ॲस्पिरिनवर असणाऱ्यांत आणि यकृत खराब झालेल्यांत हे घडतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती हिरवट काळी, घट्ट आणि त्या विशिष्ट वासाशिवाय. बीट खाल्ल्यावर दिसणारा लालपणा एक-दोन दिवसांत जातो.

लगेच, त्याच तासाला कधी जायचं

डांबरासारखी शौच, रक्ताच्या गुठळ्या किंवा एकामागोमाग एक नुसतं रक्तच पडणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, धडधड, पोट टणक होऊन वातही न सरणं, गुदद्वारापाशी ठणका आणि थंडी वाजून ताप, विशेषतः मधुमेह असेल तर, कारण तिथे पू साठलेला असतो आणि तो मलमाने नाही, चिरा देऊनच निघतो. यातलं काही झालं तर रुग्णाला आडवं करा, पाय उंच ठेवा, तोंडाने काही देऊ नका आणि महाराष्ट्रात 108 ला फोन करा. संडासात एकट्याला जाऊ देऊ नका आणि आतून कडी लावू देऊ नका; अशा वेळी चक्कर तिथेच येते. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने रक्त पाहून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मनानेच बंद करू नये. स्टेंट बंद पडण्याचा धोका असतो. तो निर्णय डॉक्टरांचा, पण त्याच दिवशी घ्यायचा.

लहान मुलांचं गणित वेगळं आहे. दोन ते आठ वर्षांच्या मुलाला न दुखता ताजं रक्त पडलं तर बहुधा आत देठाचा एखादा साधा कोंब असतो. मूळव्याध या वयात क्वचितच. दोन वर्षांच्या आतलं बाळ थोड्या थोड्या वेळाने पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, उलट्या करतं आणि लाल जेलीसारखी शी करतं, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. सकाळची वाट पाहू नका.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन, ज्याला रुग्ण ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, घेतलेल्या स्त्रियांना कधी काही महिन्यांनी, कधी वर्षांनी रक्त जाऊ शकतं. त्यांनी तपासणीच्या आधीच हे सांगावं. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा घेतला तर तिथली जखम भरत नाही आणि योनिमार्गापर्यंत भोक पडण्याची भीती असते.

आता तुम्ही कोणाकडे जायचं ते. सर्जन किंवा पोटविकारतज्ज्ञ, दोघांपैकी कोणीही चालेल. फॅमिली डॉक्टरही पहिली तपासणी करू शकतात. ती तपासणी म्हणजे बोटाने पाहणं. डाव्या कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन झोपायचं. हातमोज्यावर जेली लावून एक बोट आत घालतात. तोंडाने सावकाश श्वास सोडला की स्नायू सैल पडतो. दोन मिनिटांचं काम आहे. बोट साधारण सात-आठ सेंटिमीटर पोहोचतं आणि गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ तिथेच हाताला लागते. लाजेने रुग्ण नको म्हणतो, गर्दीत डॉक्टरही सोडून देतात, आणि ‘मूळव्याध’ असा शेरा मारलेल्या चिठ्ठीवर वर्ष निघून जातं. न तपासता कोणी मूळव्याध म्हटलं तर सरळ विचारा: ‘बोटाने तपासून पाहता का?’ स्त्रियांनी सोबत परिचारिका किंवा घरची बाई मागावी, तो त्यांचा हक्क आहे. चीर असेल तर ही तपासणी फार दुखते, म्हणून ती पुढे ढकलतात. पण चीर भरल्यावर ती राहून जाऊ देऊ नका.

त्यानंतर प्रॉक्टोस्कोप ही छोटी नळी घालून मूळव्याध डोळ्यांनी पाहतात. इथे एक चूक नेहमी घडते: मूळव्याध दिसली, म्हणजे कारण सापडलं असं धरलं जातं. मूळव्याध इतकी सर्रास आढळते की वर गाठ असलेल्या माणसालाही ती असू शकते. तुमच्या वयात आणि लक्षणांत मोड दिसले तरी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं, टाळू नये. शौचातल्या छुप्या रक्ताची तपासणी तुम्हाला नको. रक्त डोळ्यांना दिसतंय, तिथे छुपं शोधण्यात अर्थ नाही. सीईए ही कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणीही निदानासाठी नाही, ती नॉर्मल असूनही कॅन्सर असू शकतो. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) मात्र करून घ्या.

कोलोनोस्कोपी बिघडते ती बहुतेकदा तयारीत. आतडं स्वच्छ नसेल तर कोंब मलाखाली लपतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. लोहाची गोळी पाच ते सात दिवस आधी बंद, कारण तिचा काळा थर भिंतीला चिकटतो. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, सालं आणि पालेभाज्या बंद: टोमॅटो, वांगं, पेरू, काकडी, मोड आलेली कडधान्यं नकोत. मऊ भात, दही, मुगाच्या डाळीचं वरण, अंडं चालतं. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं लिंबूसरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत मात्र नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर बहुतेक ठिकाणी 2 लिटर पाण्यात विरघळवून देतात. दर 10-15 मिनिटांनी एक पेला. सकाळची वेळ असेल तर निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं पहाटे घेतल्याने आतडं जास्त स्वच्छ होतं. मळमळलं तर अर्धा तास थांबा, द्रावण थंड करून प्या, पण सोडू नका. शेवटी लघवीसारखं फिकट पिवळं, तळ दिसेल असं पाणी पडायला हवं. त्यात गढूळपणा असेल तर आत जाण्यापूर्वीच सांगा. मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी तशाच घेऊ नका. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ती तीन-चार दिवस आधी थांबवावी लागते, याची आठवण तुम्हीच करून द्या.

तोवर घरी करण्यासारखं: इसबगोल एक ते दोन चमचे, पूर्ण पेलाभर पाण्यात, ढवळल्याबरोबर प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. कमी पाण्यात घेतलं तर तेच अडकून बसतं. पोट फुगत असेल, उलटी होत असेल किंवा मल फार बारीक झाला असेल तर इसबगोलही नको. संडासात पाच मिनिटांहून जास्त बसू नका, मोबाइल बाहेर ठेवा. चीर असेल तर टबात कोमट पाणी घेऊन 10 ते 15 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा बसा, विशेषतः शौचानंतर. स्टेरॉइड असलेलं मलम आठवड्याहून जास्त नको, त्वचा पातळ होते. चाळिशीच्या आतल्या माणसाला, घराण्यात कोणाला आतड्याचा कॅन्सर नसताना, कडक मलानंतर रेघेपुरतं रक्त दिसलं तर या उपायांवर दोन आठवडे काढायला हरकत नाही. थांबलं नाही तर तपासणी. तरुण वय हे संरक्षण नाही. आपल्याकडे गुदाशयाचे कॅन्सर तिशीतही सापडतात.

घराण्याचं विचारलं जाईल तेव्हा ‘पोटाचा काहीतरी आजार’ एवढ्यावर थांबू नका. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर कितव्या वर्षी झाला ते शोधून काढा. साठीच्या आत झाला असेल तर तुमची पहिली कोलोनोस्कोपी चाळिशीत, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. लक्षण असो वा नसो.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी ओपीडीत जा. बोटाची तपासणी आणि प्रॉक्टोस्कोपी तिथे होते, आणि कॅन्सर निघालाच तर उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी पाहा: दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोहोचली का, तयारी चांगली होती असं लिहिलंय का, आणि कोंब काढला असेल तर त्याचा आकार किती मिलिमीटर. कोंब काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत रक्त येऊ शकतं; त्या काळात लांबचा प्रवास टाळा आणि वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. तुकडा घेतला असेल तर त्याचा रिपोर्ट काही दिवसांनी वेगळा येतो, बऱ्याचदा दुसऱ्या लॅबमधून, आणि तो आणायला कोणी जातच नाही. तपासणीच्या दिवशीच पावती कोणाकडे आणि रिपोर्ट कोण, कोणत्या तारखेला आणणार, हे ठरवून घरी या.